संदेशामागचा करार

चाकण-भोसरीत, वाळूजमध्ये, नाशिकच्या अंबड वसाहतीत आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या मोठ्या ग्राहकांची मागणी आता कागदावर येत नाही, आणि पुष्कळदा ईमेलवरही येत नाही. ग्राहकाचा संगणक ठरलेल्या वेळी एक फाइल पाठवतो. पुढच्या काही आठवड्यांत कोणता पार्ट, किती नग, कोणत्या गेटवर आणि कोणत्या तारखेला हवा, हे सगळे त्या फाइलमध्ये असते. पुरवठादाराच्या ईआरपीत, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, ती मागणी आपोआप नोंदली जाते. गाडी भरून गेटबाहेर पडली की उलट दिशेने ‘माल निघाला’ असा संदेश जातो, त्यामागून बिल जाते, आणि काही ग्राहकांकडून पैसे कशापोटी जमा केले याचा तपशीलही त्याच मार्गाने परत येतो. या देवाणघेवाणीला इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, म्हणजे ईडीआय म्हणतात. हे संदेश ईआरपीत कसे मांडायचे, कसे तपासायचे आणि कसे सांभाळायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ईडीआय कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, हे आधी सांगायला हवे. दोन स्वतंत्र संस्थांचे संगणक व्यवहाराचा मजकूर आधी ठरलेल्या रचनेत एकमेकांना देतात आणि मध्ये कोणाला तो पुन्हा टाइप करावा लागत नाही, तेव्हा त्याला ईडीआय म्हणता येते. ईमेलला जोडलेली पीडीएफ ईडीआय नव्हे, कारण ती वाचून कोणीतरी आकडे भरावे लागतात. ग्राहकाच्या पोर्टलवर लॉग-इन करून शेड्यूल डाउनलोड करणे आणि तिथेच डिस्पॅचची माहिती भरणे, ही अर्धी वाट झाली. ग्राहकाच्या बाजूने काम आपोआप होते, पण पुरवठादाराच्या बाजूला एक माणूस तेच आकडे दोनदा लिहीत बसतो आणि दुसऱ्यांदा लिहिताना चूक होण्याची शक्यता तशीच राहते.

या विषयाकडे बहुतेक ठिकाणी आयटी विभागाचे काम म्हणून पाहिले जाते. ग्राहकाचे पत्र येते, ते आयटीकडे जाते, आयटी बाहेरच्या कन्सल्टंटला बोलावते, जोडणी होते, चाचणीची फाइल जाते-येते आणि काम झाले असे मानले जाते. माझा अनुभव सांगतो की बऱ्याचशा अडचणींचे मूळ इथेच असते. संगणकाला संगणक जोडणे हे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते दोन कंपन्यांनी प्रत्येक रकान्याचा एकच अर्थ धरणे. ‘तारीख’ म्हणजे माल निघायची की पोहोचायची? ‘संख्या’ म्हणजे या खेपेची की वर्षाच्या सुरुवातीपासूनची? ‘पार्ट नंबर’ तुमचा की माझा? प्रत्येक ईडीआय संदेशामागे अशा प्रश्नांच्या उत्तरांचा एक करार असतो. तो नीट झाला नसेल, तर संदेश वेळेवर पोहोचतो, कुठेही लाल दिवा लागत नाही आणि कारखाना चुकीच्या आकड्यावर माल बनवत राहतो. हा करार डिस्पॅच, स्टोअर, प्लॅनिंग आणि अकाउंट्स सांभाळणाऱ्या माणसांनीच करायचा असतो, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे.

ईडीआयचा इतिहासही हेच सांगतो. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग बंद केले, आणि त्या शहराला कोळसा व अन्नधान्य विमानाने पुरवण्याची वेळ आली. मालाच्या याद्या वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या नमुन्यांत आणि वेगवेगळ्या संख्येच्या प्रतींत येत होत्या. अमेरिकी लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलेक्स, रेडिओ-टेलिटाइप किंवा टेलिफोन यांपैकी कशावरूनही सांगता येईल असा मालयादीचा एकच नमुना तयार केला. यंत्रे त्यांच्याकडे आधीपासून होती. अडले होते ते नमुन्यावाचून. पुढे गिल्बर्ट ड्यूपॉन्ट कंपनीत गेले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूपॉन्ट व तिची रसायने टँकरने वाहणारी केमिकल लीमन ही कंपनी यांच्यात मालाविषयीचे इलेक्ट्रॉनिक संदेश जाऊ लागले. १९६५ मध्ये हॉलंड-अमेरिका या जहाज कंपनीने अटलांटिकपलीकडे टेलेक्सने मालयाद्या पाठवून त्या संगणकात घेण्याची सोय केली. १९६८ मध्ये अमेरिकेतील वाहतूकदारांनी टीडीसीसी ही समन्वय समिती स्थापन केली आणि १९७५ मध्ये तिने संदेशांचे पहिले मानक प्रसिद्ध केले. १९७९ मध्ये हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने नेमलेल्या एक्स१२ समितीकडे आले. अमेरिकेत आजही याच नावाचे मानक चालते.

युरोपात प्रत्येक देशाने आणि प्रत्येक उद्योगाने आपापली वाट धरली. ब्रिटनच्या किरकोळ व्यापारात १९८२ पासून ट्रॅडाकॉम्स आले. जर्मन वाहन उद्योगाच्या व्हीडीए या संघटनेने स्वतःचे संदेश ठरवले, तर युरोपभरच्या वाहन उद्योगासाठी ओडेट ही संस्था उभी राहिली. एकाच पुरवठादाराला चार ग्राहकांसाठी चार भाषा सांभाळाव्या लागू लागल्या. यावर तोडगा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हे मानक तयार झाले. त्याचे व्याकरण १९८७ मध्ये आयएसओ ९७३५ म्हणून मान्य झाले. सगळ्या जगाची एकच भाषा व्हावी ही त्यामागची अपेक्षा पूर्ण झाली नाही. अमेरिकेने एक्स१२ सोडले नाही, आणि जर्मनीतले व्हीडीएचे जुने संदेशही अनेक वर्षे चालत राहिले. मराठी मुलुखातून निर्यात करणाऱ्या पुरवठादाराला म्हणूनच या तिन्ही घराण्यांची ओळख असावी लागते.

एक्स१२ घराण्यात संदेशांना क्रमांक असतात. ८५० म्हणजे खरेदी आदेश, ८३० म्हणजे पुढच्या आठवड्यांचा अंदाज, ८६२ म्हणजे नक्की पाठवायच्या मालाचे शेड्यूल, ८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, ८१० म्हणजे बिल. एडिफॅक्टमध्ये यांनाच सहा अक्षरांची नावे आहेत: ऑर्डर्स, डेल्फोर, डेलजिट, डेसॅडव्ह, इन्व्हॉइक. जुन्या व्हीडीए संदेशांना पुन्हा क्रमांक आहेत. ४९०५ म्हणजे शेड्यूल आणि ४९१३ म्हणजे डिस्पॅचची माहिती. रचनेतही फरक आहे. एक्स१२ आणि एडिफॅक्टमध्ये ठरावीक चिन्हांनी रकाने वेगळे केलेले असतात. जुन्या व्हीडीएत प्रत्येक ओळ १२८ अक्षरांची असते आणि कोणता आकडा कितव्या स्थानावर आहे यावरून त्याचा अर्थ लागतो. एक जागा सरकली की संख्या दसपट होऊ शकते. व्हीडीएने पुढे हे संदेश एडिफॅक्टच्या साच्यात आणले. शेड्यूलसाठी ४९८४ आणि डिस्पॅचसाठी ४९८७ या शिफारशी त्यांतल्याच आहेत.

मानक पाळले की काम झाले, असे नवख्या वाचकाला वाटू शकते. प्रत्यक्षात मानक फार सैल असते, कारण जगातल्या सगळ्या उद्योगांच्या गरजा त्यात कोंबलेल्या असतात. एडिफॅक्टमध्ये संख्येच्या ओळीला एक सांकेतिक अंक जोडावा लागतो. २१ म्हणजे मागवलेली संख्या, १२ म्हणजे पाठवलेली, ११३ म्हणजे द्यायची, ७० म्हणजे आजवर मिळालेली एकूण. यांतले कोणते संकेत वापरायचे, कोणते सक्तीचे आणि कोणते ऐच्छिक, हे प्रत्येक ग्राहक स्वतःच्या मार्गदर्शिकेत ठरवतो. तिला या क्षेत्रात इम्प्लिमेंटेशन गाइडलाइन म्हणतात. शिवाय मानकाच्या आवृत्त्या असतात. एडिफॅक्टची १९९६ सालची डी.९६ए आणि एक्स१२ ची ४०१० या जुन्या आवृत्त्या आजही जोमात चालू आहेत, कारण चालू असलेली जोडणी कोणी सहसा बदलत नाही. तेव्हा ‘आम्ही एडिफॅक्ट वापरतो’ या वाक्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. कोणती आवृत्ती, कोणाची मार्गदर्शिका आणि तिची कोणत्या तारखेची प्रत, हे विचारल्याखेरीज काम सुरू करू नये.

संदेश नेण्याच्या मार्गांचेही तीन संप्रदाय आहेत. पहिला व्हॅनचा, म्हणजे मध्यस्थ जाळ्याचा. तुम्ही संदेश मध्यस्थाच्या पेटीत टाकता आणि ग्राहक आपल्या पेटीतून उचलतो. १९८० च्या दशकापासून मोठ्या कंपन्यांनी हाच मार्ग धरला. त्यात एका जोडणीत अनेक ग्राहक मिळतात, पण मजकुराच्या प्रमाणात पैसे मोजावे लागतात. दुसरा थेट जोडणीचा. इंटरनेटवरून एएस२ पद्धतीने किंवा युरोपच्या वाहन उद्योगात ओएफटीपी पद्धतीने संदेश सरळ ग्राहकाच्या सर्व्हरवर जातो. २००२ मध्ये वॉलमार्टने पुरवठादारांकडे एएस२ चा आग्रह धरला आणि ही पद्धत जगभर पसरली. यात मध्यस्थाचा खर्च वाचतो, पण डिजिटल प्रमाणपत्रांची मुदत, सर्व्हर चोवीस तास चालू ठेवणे आणि संदेश अडकला तर शोधणे ही जबाबदारी तुमच्यावर येते. तिसरा संप्रदाय पेपॉलसारख्या खुल्या जाळ्यांचा. प्रत्येक कंपनी आपल्या सेवादात्याला जोडलेली असते, सेवादाते एकमेकांना जोडलेले असतात, आणि मजकुराची रचना सर्वांसाठी एकच असते. २००८ मध्ये युरोपीय सरकारी खरेदीसाठी सुरू झालेला हा प्रयोग आता अनेक देशांत ई-बिलिंगचा राजमार्ग झाला आहे.

यानंतर ईआरपी येते, आणि या पुस्तकाचा मोठा भाग तिथेच खर्ची पडला आहे. बाहेरून आलेला संदेश जसाच्या तसा विक्रीच्या नोंदीत घालता येत नाही. प्रत्येक ईआरपीत मध्ये एक पायरी असते. सॅपमध्ये ती आयडॉकची आहे. आर/३ च्या काळापासून असलेला हा साचा एस/४ हानामध्येही टिकून आहे. जेडी एडवर्ड्समध्ये ईडीआयसाठी वेगळी टेबले आहेत, आणि ओरॅकलच्या ई-बिझनेस सूटमध्ये फाइली घेणारे-देणारे वेगळे मॉड्यूल आहे. मुंबईत जन्मलेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या किंवा ओडूसारख्या खुल्या प्रणालींत बहुधा जेसन किंवा एक्सएमएल संदेश एपीआयमधून, म्हणजे एका प्रणालीने दुसरीशी सरळ बोलण्याच्या सोयीतून, थेट घेतला जातो. ग्राहकाच्या संदेशाचे ईआरपीच्या रचनेत भाषांतर, म्हणजे मॅपिंग, कुठे करायचे यावरही दोन मते आहेत. काही जण ते ईआरपीबाहेर, स्वतंत्र कन्व्हर्टरमध्ये करतात, म्हणजे ग्राहक बदलला तरी ईआरपीला हात लागत नाही. काही जण ईआरपीतच नियम लिहितात, म्हणजे सगळे एका ठिकाणी दिसते. माझा कल पहिल्या मताकडे आहे, पण एकाच ग्राहकावर चालणाऱ्या छोट्या कारखान्याला दुसरी वाट पुरते, हेही मान्य केले पाहिजे.

सॅपचे उदाहरण घेतले तर मांडणीचा क्रम स्पष्ट होतो. ग्राहकाचा संदेश आयडॉक होऊन आत आला की पार्टनर प्रोफाइल पाहिले जाते: हा कोण, कोणता संदेश पाठवू शकतो, आणि आल्यावर कोणत्या प्रक्रियेकडे द्यायचा. मग ग्राहकाने आपल्याला दिलेला व्हेंडर कोड आणि माल उतरवण्याचे ठिकाण पाहून आपल्या खात्यातला नेमका ग्राहक ओळखला जातो. एकाच ग्राहकाचे दोन प्लांट असतील तर इथेच गोंधळ होतो. मग त्याच्या पार्ट नंबरवरून आपला मटेरियल नंबर शोधला जातो. एकके जुळवली जातात. त्यानंतरच शेड्यूलिंग ॲग्रीमेंटमध्ये तारखा आणि संख्या बसतात. सगळे जमले तर आयडॉकची स्थिती ५३ होते, जमले नाही तर ५१. आणि पार्टनर प्रोफाइलच सापडले नाही तर ५६. या आकड्यांपैकी ५१ रोज सकाळी कोण पाहणार, हा प्रश्न मांडणीच्या पहिल्याच दिवशी सुटला पाहिजे. त्या नोंदीत ‘पार्ट सापडला नाही’ असे लिहिलेले असते, आणि त्याचे उत्तर प्रोग्रॅमरकडे नसते. ग्राहकाने ड्रॉइंगची नवी आवृत्ती लावून पार्ट नंबर बदलला असेल, तर ते मार्केटिंगला किंवा प्लॅनिंगलाच ठाऊक असते.

पोचपावतीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात. आपण डिस्पॅचची सूचना पाठवतो, तेव्हा सॅपमध्ये स्थिती ०३ दिसते. तिचा अर्थ इतकाच की संदेश आपल्या प्रणालीबाहेर टाकला गेला. एएस२ वर मिळणारी एमडीएन ही पावती सांगते की फाइल समोरच्या सर्व्हरवर शाबूत पोहोचली. एक्स१२ मधला ९९७ किंवा एडिफॅक्टमधला कंट्रोल हा संदेश सांगतो की फाइलचे व्याकरण बरोबर आहे. मजकूर ग्राहकाच्या व्यवहारात बसला की नाही, म्हणजे ऑर्डर क्रमांक खरा आहे का, पार्ट त्या ऑर्डरवर आहे का, हे सांगायला एक्स१२ मध्ये ८२४ आणि एडिफॅक्टमध्ये अपेराक हे वेगळे संदेश आहेत, आणि ते सगळे ग्राहक पाठवतातच असे नाही. चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर ‘पोहोचले’ या उत्तराचा अर्थ निराळा आहे. पहिल्या पायरीवरची हिरवी खूण पाहून डिस्पॅचने निश्चिंत व्हावे आणि ग्राहकाच्या गेटवर गाडी थांबून राहावी, असे का होते, ते यावरून कळेल.

तारखेचेही तसेच. एडिफॅक्टमध्ये तारखेच्या ओळीत २ हा संकेत असेल तर ती माल पोहोचण्याची अपेक्षित तारीख, आणि १० असेल तर माल निघण्याची. पुण्यातल्या पुण्यात माल देताना हा फरक काही तासांचा असतो आणि चूक लपून जाते. तोच पार्ट न्हावा शेवामार्गे जहाजाने युरोपला जायचा असेल, तर फरक कित्येक आठवड्यांचा होतो. पोहोचण्याची तारीख निघण्याची म्हणून वाचली गेली, तर कारखाना आपल्या मते अगदी वेळेवर माल पाठवतो आणि ग्राहकाची लाइन थांबते. मग तोच माल विमानाने पाठवावा लागतो आणि त्या भाड्यात त्या पार्टवरचा नफा बुडतो. मॅपिंग करणाऱ्या प्रोग्रॅमरने इथे व्याकरणाची एकही चूक केलेली नसते. त्याला फक्त हा माल कोणत्या मार्गाने जातो हे कोणी सांगितलेले नसते.

वाहन उद्योगातली एकूण संख्या, म्हणजे क्युम्युलेटिव्ह, ही या विषयातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याची कल्पना आहे. ग्राहक ‘या आठवड्यात ५०० पाठवा’ एवढेच सांगत नाही. तो सांगतो की वर्षाच्या सुरुवातीपासून मला १२,००० मिळाले, आणि पुढच्या खेपेपर्यंत एकूण १४,००० हवेत. समजा पुरवठादाराची नोंद सांगते की त्याने आजवर १३,५०० पाठवले. म्हणजे १,५०० वाटेत आहेत आणि आता फक्त ५०० पाठवायचे. वाटेतला माल, हरवलेला संदेश, उशिरा झालेली नोंद, सगळ्यांचा हिशेब एका वजाबाकीत लागतो. यात दोन्ही बाजूंचे एकूण एकाच दिवसापासून मोजलेले असावे लागते. युरोपीय ग्राहक बहुधा १ जानेवारीला मोजणी शून्यावर आणतो. आपल्याकडचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलते. शिवाय १ जानेवारीला जे १,५०० नग समुद्रात आहेत, ते ग्राहकाकडे नव्या वर्षात जमा होणार. आपणही त्याच दिवशी शून्य केले असेल, तर आपण पाठवलेल्यापेक्षा त्याला मिळालेले जास्त दिसू लागतात. परत आलेला नापास माल एकूणातून वजा करायचा की नाही, हाही प्रश्न आहेच. ही उत्तरे कोणत्याही मानकात नाहीत. ती ग्राहकाशी बसून, लिहून घ्यावी लागतात.

डिस्पॅचच्या सूचनेबाबत आणखी एक गोष्ट. ८५६ किंवा डेसॅडव्ह हा संदेश मालाच्या आधी पोहोचला तरच त्याचा उपयोग. प्रत्येक पेटीवरच्या लेबलवर एक एकमेव क्रमांक असतो आणि तोच क्रमांक संदेशातही जातो. ग्राहकाच्या गोदामात स्कॅनर लावला की पेटी आणि संदेश यांची गाठ पडते आणि माल जमा होतो. म्हणून लेबल छापणे, पेट्या भरणे, चलन करणे आणि संदेश सोडणे यांचा क्रम कारखान्याच्या फरशीवर पाळला गेला पाहिजे. शेवटच्या क्षणी दोन पेट्या बदलल्या आणि ईआरपीत त्या बदलल्या नाहीत, तर संदेश निर्दोष असूनही खोटा ठरतो. जवळच्या प्लांटला जाणारी गाडी तासाभरात पोहोचते, तेव्हा ‘संध्याकाळी सगळ्या नोंदी एकदम करू’ ही जुनी सवय सोडावी लागते. ईडीआय आल्यावर कामाची शिस्त बदलते ती अशी, आणि ज्यांच्या हातून ती पाळली जायची त्यांना ती का हवी हे समजावून सांगणे, हा मांडणीचाच भाग आहे.

हा विषय आजच इतका निकडीचा का झाला, याची तीन कारणे आहेत. पहिले कारण सरकारी. भारतात सीमाशुल्क विभागाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ईडीआय स्वीकारले आणि आज आयात-निर्यातीची कागदपत्रे आइसगेट या पोर्टलवरून जातात. पण घराघरांत हा विचार पोहोचवला तो जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसने. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरुवात झाली, आणि टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. बिल ठरावीक जेसन रचनेत पोर्टलकडे जाते, तपासले जाते आणि ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, व क्यूआर कोड घेऊन परत येते. टॅलीवर बिल करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने ईडीआय हे नाव कधी ऐकले नसेल, पण रचना चुकली की बिल नाकारले जाते, एचएसएन आणि एकक बरोबर हवे, ग्राहकाची माहिती आधीच स्वच्छ हवी, हे धडे त्याने गिरवले आहेत. या पुस्तकातले बरेचसे त्याला ओळखीचे वाटेल.

दुसरे कारण युरोपातले. इटलीने १ जानेवारी २०१९ पासून कंपन्यांमधली बिले इलेक्ट्रॉनिक करणे सक्तीचे केले. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत व्यवहारांत अशी बिले स्वीकारण्याची तयारी प्रत्येक व्यवसायाला ठेवावी लागते. बेल्जियमने जानेवारी २०२६ पासून पेपॉलचा मार्ग सक्तीचा केला. युरोपीय संघातल्या देशांदरम्यानच्या व्यवहारांसाठी १ जुलै २०३० ही तारीख ठरली आहे. जे मराठी उद्योजक तिथे उपकंपनी किंवा गोदाम चालवतात, त्यांना हे नियम सरळ लागू होतात. तिसरे कारण सॅप वापरणाऱ्यांपुरते आहे. ईसीसी या जुन्या प्रणालीचा मुख्य आधार २०२७ च्या अखेरीस संपतो आहे. एस/४ हानावर जाताना प्रत्येक ग्राहकाचा प्रत्येक संदेश पुन्हा तपासावा लागतो. त्या वेळी अनेक कंपन्यांना कळते की दहा-पंधरा वर्षांपूर्वी मॅपिंग करणारा माणूस नोकरी सोडून गेला आहे आणि त्याने घेतलेले निर्णय कुठेही लिहिलेले नाहीत.

एपीआय आले, आता ईडीआय मागे पडणार, असे ऐकू येते. एपीआयने वेग वाढतो. साठा किती आहे, गाडी कुठे आहे, हे क्षणात विचारता येते, आणि अशा कामाला ते योग्यच आहे. पण एपीआयमधला ‘डिलिव्हरी डेट’ हा रकाना निघण्याचा की पोहोचण्याचा, हा प्रश्न तिथेही जसाच्या तसा उभा राहतो. तंत्र बदलले तरी अर्थ जुळवण्याचे काम कोणी रद्द करू शकत नाही. म्हणून या पुस्तकात साधनांपेक्षा प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारण व्यवहाराचे आहे. ग्राहकाची मार्गदर्शिका इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये येते आणि कन्सल्टंटचे कागद इंग्रजीत असतात, पण पेट्या भरणारे, चलन करणारे, शेड्यूल वाचून मशीनवर काम लावणारे लोक आपसात मराठीत बोलतात. ज्यांना खरा व्यवहार माहीत आहे ते या चर्चेत गप्प बसतात, आणि ज्यांना रकाने माहीत आहेत ते व्यवहाराचा अंदाज बांधतात. या दोघांना एका टेबलावर आणता यावे, अशी माझी इच्छा आहे. डिस्पॅच आणि स्टोअरमधल्या वाचकाला इथे संदेशाची रचना त्याच्या कामाच्या क्रमाने भेटेल. वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकून ईआरपीत काम करू पाहणाऱ्या तरुणाला मांडणीमागचा कारखाना दिसेल. मालकाला कळेल की कोटेशन मागवताना आणि ग्राहकाची अट मान्य करताना काय विचारायचे. विशिष्ट ईआरपीची प्रत्येक स्क्रीन दाखवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही, कारण त्या दर आवृत्तीला बदलतात. सॅपची उदाहरणे जास्त आहेत, ती या भागातल्या वाहन उद्योगात तिचा वापर मोठा असल्यामुळे. बाकी प्रणालींचे वाचक तीच पायरी आपल्याकडे काय नावाने आहे ते सहज शोधू शकतील.

वाचकाकडून माझी एक अपेक्षा आहे. हे पुस्तक वाचताना शेजारी एक वही ठेवावी आणि आपल्या एका ग्राहकाच्या एका संदेशाबद्दल तिच्यात लिहीत जावे: कोणती आवृत्ती, कोणती मार्गदर्शिका, कोणत्या रकान्याचा कोणता अर्थ, तो कोणी कोणाशी बोलून ठरवला आणि कधी. मोजणी कोणत्या दिवशी शून्य होते. संदेश अडकला तर सकाळी कोण पाहतो आणि तो रजेवर असेल तर कोण. कोणत्या पावतीनंतर गाडी सोडायची. पुस्तक संपेल तेव्हा ती वही तुमच्या कंपनीची मालमत्ता झालेली असेल. पुढच्या ग्राहकाशी होणारी पहिली बैठक तिच्या आधारे घ्या, आणि त्या बैठकीला आयटीच्या माणसाबरोबर डिस्पॅचच्या माणसालाही न्या.